पेठेचं खाणं पेठेतच राहू द्या

कोल्हापुरात रस्त्यावरच्या खाण्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. आमच्यासारखं खाणं कुठंच नाही, हे पहिलं. त्याच्या पाठोपाठ दुसरं: पण या गाड्या आता हलवायला हव्यात, एखादी मोकळी जागा बघून तिथं छानपैकी फूड स्ट्रीट करून द्यावा, म्हणजे गर्दीही जाईल आणि शहरही देखणं दिसेल. बहुतेक वेळा ही दोन्ही वाक्यं एकच माणूस बोलतो. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण पहिलं वाक्य खरं असेल तर दुसरं चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. ज्या खाण्याचा आपण अभिमान सांगतो ते या पेठांच्या कामाच्या वेळांतून, तालमींतून, मंडईतून आणि घाटाकडं जाणाऱ्या वाटांवर घडलेलं आहे. जिथं ते घडलं तिथंच त्याला हक्काची जागा, नळाचं पाणी आणि अधिकृत कागद मिळायला हवा. तशी तरतूद देशाच्या कायद्यात आहे आणि ती कोल्हापुरानं पुरेपूर वापरावी, एवढंच मागणं आहे.

गंगावेशीचा दूध कट्टा घ्या. पंचगंगेकडं जाणाऱ्या रस्त्यावरची ही जुनी वेस. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, गवळी गिऱ्हाइकासमोरच धार काढतो आणि फेसाळलेलं दूध ग्लासातून हातात येतं. बाहेरून आलेला माणूस फोटो काढतो आणि पुढं जातो. पण हा कट्टा तिथंच का, हे त्यानं विचारलं तर अर्धं कोल्हापूर त्याला कळेल. शेजारी गंगावेश तालीम आहे. पहाटे मेहनत करून उठलेल्या पोरांना दूध हवं असतं, बदामाची थंडाई हवी असते. जुन्या पेठांमधून गवळ्यांचे गोठे होते, काही अजून आहेत. नदी जवळ, म्हशी धुवायला घाट जवळ. आखाडा, गोठा आणि नदी ही तीन ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती म्हणून कट्टा उभा राहिला. हा कट्टा उचलून बाह्यवळण रस्त्यालगतच्या एखाद्या मैदानात नेला तर तिथं म्हैस येईल, पण तालमीतला पोरगा येणार नाही. गल्लीतले म्हातारे आणि शाळकरी पोरंही येणार नाहीत. मग दुधाचा तो ग्लास फक्त पर्यटकांना दाखवायला उरेल.

मिसळीचंही तसंच. तिची नामांकित ठिकाणं कुठं आहेत बघा. शिवाजी उद्यमनगरात, जिथं सकाळपासून लेथ आणि ड्रिलिंग मशिनचा आवाज असतो. कसबा बावड्यात, जे आजही मनानं गाव आहे. मिसळ हा इथं सकाळच्या पाळीआधीचा पोटभरीचा नाष्टा आहे. मटकीची उसळ, बटाटा, फरसाण, वरून कांदा-कोथिंबीर, सोबत पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस आणि मागाल तेवढा कट. तिखट आहे, पण नुसतं तिखट नाही. कांदा-लसूण चटणीत भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, खसखस, दगडफूल असतं; मिरचीही एकच नसते, तिखटाला संकेश्वरी आणि रंगाला ब्याडगी. उन्हाळ्यात ही मिरची वाळवून, भाजून, डंकावर कुटून आणली की वर्षाची बेगमी होते. बाकीच्या महाराष्ट्रात हॉटेलवाल्यांनी 'कोल्हापुरी' म्हणजे लाल रंग आणि जाळ असं समीकरण करून ठेवलं आहे. त्याला इलाज एकच. माणसाला इथं आणून, या बाकड्यावर बसवून खाऊ घालणं. ते बाकडं मात्र जागेवर हवं.

खासबागच्या गाड्यांबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण हलवण्याची भाषा त्यांच्याबद्दल सहज होऊ शकते. शहराच्या ऐन मध्यावर, मिरजकर तिकटीपासून हाकेच्या अंतरावर, संध्याकाळी भेळ, वडा, डोसा, आइस्क्रीम यांच्या गाड्या लागतात. वाहनांची कोंडी होते हे खरं आहे. पण या जागेला ही गर्दी कुठून आली? राजर्षी शाहू महाराजांनी इथं १९१२ मध्ये कुस्तीचं मैदान उभारलं. त्याला लागून १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती बघायला खेड्यापाड्यातून माणूस आला, नाटकाला पेठेतली कुटुंबं आली, आणि त्यांना परत जाताना काहीतरी खायचं होतं. मैदान, रंगमंच आणि भेळेची गाडी यांचा असा संबंध आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृहाला आग लागली तेव्हा सगळं शहर हळहळलं. मागणी एकच होती: होतं त्याच जागी, होतं तसंच ते पुन्हा उभं करा. शहराबाहेर पार्किंगची सोय असलेलं नवं सभागृह बांधून टाका, असं कुणी म्हटलं असतं तर त्याचं कोल्हापूरकरांनी ऐकून घेतलं असतं का? जागेला अर्थ असतो, हे आपण नाट्यगृहाच्या बाबतीत क्षणात ओळखलं. मग त्याच्याच भिंतीशेजारी त्याच प्रेक्षकांना पिढ्यान्‌पिढ्या खाऊ घालणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो अर्थ का दिसू नये? त्याची भिंत दगडी नाही, एवढाच फरक.

मटणाची गोष्ट थोडी वेगळी. तांबडा-पांढरा रस्सा मुळात रस्त्यावरचा पदार्थ नव्हे. तो घरचा, रविवारचा, जत्रेचा. मटण शिजताना त्याचं अळणी पाणी आधी काढून ठेवायचं, लहान मुलांना आणि आजाऱ्याला त्यातलं पाजायचं, मग उरलेल्यातून एकीकडं चटणी घालून तांबडा आणि दुसरीकडं नारळाचं दूध, खसखस, तीळ घालून पांढरा. आषाढात पेठापेठांतून पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात, पी-ढबाक वाजतं, गल्लीची वर्गणी निघते आणि मटणाचे वाटे होतात. हे खाणं सार्वजनिक आहे, पण विकत मिळत नाही. विकत मिळतं ते खानावळीत. जुन्या शहरातल्या, लक्ष्मीपुरीतल्या छोट्या खानावळी आणि घरातल्याच पुढच्या खोलीत चार टेबलं टाकून बायकांनी चालवलेली जेवणाची ठिकाणं ही या स्वयंपाकाची खरी राखणदार आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला परगावचा माणूस मात्र महामार्गालगतच्या मोठ्या फलकाकडं जातो, कारण पेठेतली खानावळ त्याला सापडत नाही. देवस्थानच्या परिसरात एक साधा फलक, पेठेतल्या खानावळींची नावं आणि वाट दाखवणारा, लावायला फारसा खर्च येणार नाही.

आता मूळ मुद्दा. रस्त्यावरच्या खाण्याला मी नागरी प्रश्न म्हणतो, कारण या शहरानं तो शंभर वर्षांपूर्वीच तसा मानला होता. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. दलित समाजातल्या या माणसानं पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढं महाराजांच्या मदतीनं त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक नावाचं. त्यांच्या हातचा चहा प्यायला लोक कचरत होते. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवत, भर रस्त्यात सगळ्यांच्या देखत तिथला चहा मागवून पीत आणि सोबतच्यांनाही पाजत. महाराजांना तोच चहा वाड्यात मागवता आला असता. त्यांनी तो रस्त्यावर घेतला, कारण कोण कुणाच्या हातचं, कुणाशेजारी बसून खातो हे रस्त्यावरच ठरत होतं.

आज मिसळीच्या बाकड्यावर फाउंड्रीतला कामगार, कॉलेजची पोरं, कोर्टाकडं निघालेले वकील आणि मार्केट यार्डातला हमाल एकाच जगमधलं पाणी पितात. हे कुणी ठरवून घडवलेलं नाही. जागा वाटेवर होती, भाव परवडणारे होते, आत यायला दार नव्हतं, म्हणून ते घडलं. बाहेरच्या फूड स्ट्रीटला दार असतं. तिथं पोचायला गाडी लागते, गाळ्याचं भाडं पदार्थाच्या किमतीत येतं, आणि ज्याला केएमटी बसच्या तिकिटाचाही हिशोब करावा लागतो तो माणूस आपोआप वगळला जातो. त्याला कुणी हाकलत नाही. तो नुसता येत नाही. माझा मुख्य आक्षेप हा आहे, चवीचा त्यानंतर.

कायदा काय म्हणतो ते नीट पाहिलं पाहिजे. २०१४ चा पथविक्रेता कायदा, म्हणजे उपजीविकेचं संरक्षण आणि पथविक्रीचं विनियमन करणारा केंद्रीय कायदा, संपूर्ण देशाला लागू आहे. त्यानुसार शहरात विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं, आणि ते किमान दर ५ वर्षांनी. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. निर्णय घ्यायला शहर फेरीवाला समिती असते. आयुक्त तिचे अध्यक्ष, पण किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं, असंही त्यात आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साधारण साडेपाच लाखांचं होतं. त्या हिशोबानं ही मर्यादा पावणेचौदा हजारांच्या घरात जाते. म्हणजे कायद्यानं हातगाडीला शहराचा भाग मानलं आहे.

याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक ओळ आहे, जी कोल्हापूरसाठीच लिहिली असावी असं मला वाटतं. ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ धंदा करत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना दुसरीकडं हलवू नये. नैसर्गिक बाजार म्हणजे विकणारे आणि घेणारे परंपरेनं जिथं जमत आले ती जागा. गंगावेशीचा कट्टा, खासबागचा परिसर, कपिलतीर्थ मंडईच्या तोंडाशी बसणाऱ्या बायका, महाद्वार रोडचे काही तुकडे यांची तपासणी या ओळीच्या आधारानं व्हायला हवी. पन्नास वर्षांचा पुरावा कुठून आणायचा? जुन्या पावत्या आहेत, घराघरांत फोटो आहेत, तालमींचे आणि मंडळांचे दप्तर आहे, आणि सत्तरी ओलांडलेली माणसं शपथेवर सांगायला तयार आहेत. ते गोळा करण्याची जबाबदारी समितीनं घ्यावी, विक्रेत्यावर टाकू नये.

यावर येणारे आक्षेप मी हलके मानत नाही. सगळ्यात रास्त आक्षेप पायी चालणाऱ्याचा. महाद्वार रोडवर म्हाताऱ्या माणसाला, मुलाला कडेवर घेतलेल्या बाईला चालायला जागा मिळत नसेल तर तिथं गाडीवाल्याचा हक्क आधी, असं मी म्हणणार नाही. पदपथाची एक ठरावीक रुंदी मोकळी राहिलीच पाहिजे, आणि तिच्या आत गाडी आली तर दंड व्हावा. पण रस्ता अडतो तो नुसत्या गाड्यांनी नाही. दुकानांच्या पायऱ्या पुढं आलेल्या असतात, कठड्यावर माल मांडलेला असतो, दुचाकी तीन-तीन ओळींत लावलेल्या असतात. अतिक्रमण हटवायची मोहीम निघाली की ट्रकमध्ये चढते ती हातगाडी, कारण तिला चाकं आहेत. याला शिस्त म्हणत नाहीत.

वेळेची वाटणी हा मधला मार्ग आहे आणि कायद्यातही त्याची सोय आहे. इंदूरचा सराफा बाजार सगळ्यांना ठाऊक आहे: दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्याच ओट्यांसमोर रात्री उशिरापर्यंत खाण्याच्या गाड्या. त्या बाजाराला हलवण्याऐवजी इंदूरनं त्याची कीर्ती केली. आपल्याकडं सराफांची गुजरी आहे, संध्याकाळी सुनी पडणारे कचेऱ्यांसमोरचे रस्ते आहेत. पेठेतल्या पेठेत, चालत जाण्याच्या अंतरावर, एखादी गाडी सकाळी इथं आणि रात्री तिथं अशी व्यवस्था लावता येते. ती लावताना गाडीवाला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला हवा, एवढीच अट.

स्वच्छतेचा आक्षेप तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याबाबत विक्रेत्यांना सूट देऊ नये. वर्तमानपत्राच्या कागदात वडा बांधून देणं बंद झालंच पाहिजे. अन्नसुरक्षेच्या नियमांनी त्याला मनाई आहे. तळणीचं तेल किती वेळा वापरायचं याला मर्यादा आहे, पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यावं लागतं. प्रत्येक गाडीवाल्याकडं अन्नसुरक्षेची नोंदणी असावी. पण हात धुवायला नळ कुठं आहे? ताटल्या विसळलेलं पाणी कुठं सोडायचं? आज ते गटारीत जातं, गटार जयंती नाल्याला मिळते आणि जयंती नाला पंचगंगेला. नदीच्या प्रदूषणावर आपण इतकं बोलतो, तर दहा गाड्यांमागं एक नळ, तेलकट पाणी अडवणारा एक चेंबर आणि रात्री अकरानंतर येणारी एक कचरागाडी ही मागणी नदीच्याही हिताची आहे. केंद्रानं २०२३ मध्ये देशभरात १०० फूड स्ट्रीट विकसित करण्याची योजना जाहीर केली, प्रत्येकी १ कोटी रुपयांची. अशा योजनांचा पैसा कमानी आणि रंगीत दिव्यांवर खर्च होऊ नये. तो असलेल्या जागी नळ, निचरा आणि उजेड यांवर व्हावा. अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या विक्रेत्यांना प्रशिक्षण देऊन, तपासणी करून २०१८ मध्ये स्वच्छ खाद्यकेंद्राचा दर्जा मिळाला. माणसं तीच, जागा तीच.

दूध कट्ट्याबद्दल वेगळं आणि स्पष्ट बोललं पाहिजे. निरसं दूध पौष्टिक असतं ही आपल्याकडची श्रद्धा. पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू माणसात येऊ शकतात, हे पशुवैद्यकशास्त्र सांगतं आणि त्याकडं परंपरेच्या नावाखाली डोळेझाक करता येणार नाही. म्हणून कट्टा बंद करा, असं मात्र त्यातून निघत नाही. कट्ट्यावर येणाऱ्या म्हशी मोजक्या असतात, त्यांचे मालक ओळखीचे असतात. प्रत्येक म्हशीची ठरावीक काळानं तपासणी व्हावी, तिचं आरोग्यपत्रक कट्ट्यावर लावलेलं असावं, कास धुवायला स्वच्छ पाणी असावं, आणि ज्याला हवं त्याला तिथंच दूध उकळून मिळावं. ब्रुसेलोसिसची लस पारड्यांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात देतात आणि २०१९ पासून केंद्राचा त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पेठेतल्या गवळ्यापर्यंत तो पोचतो की नाही, हे महापालिका आणि पशुसंवर्धन खात्यानं मिळून बघावं. शहरात गोठेच नकोत असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की गोठा गेला की कट्टा आपसूक जातो. त्यासाठी वेगळा हुकूम काढावा लागत नाही.

२०१९ च्या अखेरीस मटणाचा दर चढला तेव्हा कसबा बावड्यातून आंदोलन उभं राहिलं, बैठका झडल्या, प्रशासनाला त्यात लक्ष घालावं लागलं. बाहेरची माणसं त्याला हसली असतील. मला त्यात खाण्याला सार्वजनिक हक्क मानणारं शहर दिसलं. तीच ताकद विक्रेत्याच्या प्रमाणपत्रासाठी लागली पाहिजे. त्या कागदाचं मोल मोठं आहे. जून २०२० मध्ये टाळेबंदीनंतर पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आली, पहिल्या टप्प्यात १०,००० रुपयांचं कर्ज. पण ते मागायलाही आपण विक्रेते आहोत हे दाखवणारं प्रमाणपत्र किंवा पालिकेचं शिफारसपत्र लागत होतं. कागद नसलेला माणूस बँकेपुढं उभाच राहू शकत नव्हता.

म्हणून सर्वेक्षण कसं होतं याला फार महत्त्व आहे. सकाळी अकराला अर्ज आणि टॅब घेऊन कर्मचारी पेठेत फिरले तर त्यांना भाजीवाले भेटतील, चहाच्या टपऱ्या भेटतील. पहाटे पाच ते आठ दूध विकणारा गवळी तोवर गोठ्यात परतलेला असतो. संध्याकाळी दोन-तीन तासच घरचे पदार्थ घेऊन बसणारी बाई त्या वेळी स्वयंपाकघरात असते, तिच्याकडं गाडीही नसते, एक टेबल आणि दोन डबे असतात. रात्री नऊनंतर लागणारी ऑम्लेटची गाडी तर कुणाच्या यादीत येतच नाही. हीच माणसं पहिल्या मोहिमेत उठवली जातात. कोल्हापुरात पुढचं सर्वेक्षण होईल तेव्हा ते तीन पाळ्यांत व्हावं, पहाटे, दुपारी आणि रात्री आठ ते अकरा. प्रत्येक पेठेतल्या तालमीचा किंवा मंडळाचा एक माणूस सोबत असावा, आणि कच्ची यादी गल्लीच्या फलकावर किमान पंधरा दिवस लावलेली असावी, म्हणजे सुटलेलं नाव शेजाऱ्यालाही सांगता येईल.